रविवारची सुटी आणि घरचा कॅमेरा



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, मुत्सद्दी, तह आणि लढाया यांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती वाजवीच आहे. मी मात्र आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, एका जुन्या आल्बममध्ये पडून आहे. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर रांगेने उभे राहिलेले कुटुंब, जेजुरीच्या पायऱ्यांवर दम खात बसलेली आजी, नव्या सायकलला टेकून उभा असलेला मुलगा, बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायका. ही चित्रे कोणा धंदेवाईक छायाचित्रकाराने काढलेली नाहीत. घरातल्याच कोणी तरी, हौसेने काढलेली आहेत. ही हौस सामान्य माणसाच्या घरात केव्हा आली, कशी आली आणि तिची किंमत कोणी भरली, एवढाच आजचा विषय.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. कोणत्याही हौसेला दोन गोष्टी लागतात, साधन आणि सवड. कॅमेऱ्यावरील पुस्तकांत साधनाचा इतिहास तपशीलवार दिलेला असतो. काच कोणी घासली, रसायन कोणी शोधले, एकस्व कोणी घेतले, सारे त्यात सापडते. सवडीचा इतिहास मात्र त्या पुस्तकांत सहसा नसतो. तो गिरण्यांच्या, संपांच्या आणि कायद्यांच्या इतिहासात शोधावा लागतो. हे दोन्ही धागे एकत्र धरल्यावाचून आल्बममधले एकही चित्र नीट समजत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम साधनाकडे पाहू. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याने आपली कृती जाहीर केली आणि छायाचित्रणाचे युग सुरू झाले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र उमटे. परंतु त्यासाठी समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे दगडासारखे निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून खुर्चीच्या मागे लोखंडी आधार लावीत. त्या काळच्या चित्रांतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे एक कारण हे आहे. इतका वेळ कोणाला हसू टिकवून धरता येईल? आणि रांगत्या मुलाचे चित्र काढणे तर केवळ अशक्यच.

१८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर ओल्या रसायनाचा थर देऊन चित्र घेण्याची रीत काढली. वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. मात्र काच ओली असेतोवरच थर देणे, चित्र घेणे आणि ते धुणे ही तिन्ही कामे उरकावी लागत. म्हणजे प्रवासाला निघायचे तर काळोखी खोलीच तंबूच्या रूपाने बरोबर न्यायची! नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आलेला सॅम्युएल बोर्न हिमालयाची चित्रे काढण्यास गेला तेव्हा काचा, रसायनांच्या बाटल्या आणि तंबू यांचे ओझे वाहण्यासाठी त्याला हमालांचा तांडाच बरोबर न्यावा लागला. हिमशिखरांची ती सुंदर चित्रे आज संग्रहालयांत मानाने जपलेली आहेत. ती ज्यांच्या पाठीवरून वर गेली त्यांची नावे मात्र चित्रांखाली नाहीत.

आपली मुंबई या बाबतीत मागे नव्हती. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि सभासदांत डॉ. भाऊ दाजी होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही चालला. १८५६ पासून ‘द इंडियन अमेच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या नावाने एक चित्रमाला मुंबईतून निघू लागली. तिच्या नावातला ‘अमेच्युअर’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. हौशी याचा अर्थ तेव्हा साहेब, डॉक्टर, सरदार, संस्थानिक असा होता. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य आणि त्यांची राणी मनमोहिनी ही दोघेही कॅमेऱ्याची शौकीन होती. पुढे चित्रकर्त्री अमृता शेरगिल हिचे वडील उमरावसिंग यांनी साठएक वर्षे आपली, पत्नीची आणि मुलींची छायाचित्रे काढली. बुडापेस्ट, पॅरिस, सिमला, जेथे कुटुंब गेले तेथे त्यांचा कॅमेरा गेला. घरगुती छायाचित्रणाचा याहून सुंदर नमुना हिंदुस्थानात क्वचितच सापडेल. परंतु या सर्वांपाशी एक वस्तू जन्मतःच होती, ती म्हणजे सवड. सामान्य माणूस फार तर जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभा राही.

हे चित्र पालटले ते अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या एका बँकेतील कारकुनामुळे. जॉर्ज ईस्टमन हा त्याचे नाव. वडील लहानपणीच वारलेले, आई घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवी, त्यामुळे शाळा लवकरच सुटलेली. १८७७ च्या सुमारास त्याने वेस्ट इंडीजमधील सांतो दोमिंगोच्या सफरीचा बेत केला आणि बरोबर न्यावयास छायाचित्रणाचे सामान विकत घेतले. सामान पाहून तो थक्क झाला: मोठी पेटी, तिकाटणे, तंबू, काचा, रसायने, पाण्याचे भांडे. सफर राहिली बाजूलाच! हे लटांबर कमी कसे करता येईल, या एका प्रश्नाने त्याला पछाडले. याच सुमारास, १८७१ साली इंग्लंडातील डॉ. मॅडॉक्स याने सुचविलेली कोरड्या काचेची रीत सुधारत चालली होती. दिवसा बँकेत आकडेमोड करावी आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायने ढवळावीत, असा ईस्टमनचा क्रम चालला. १८८० साली त्याने कोरड्या काचा विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला आणि १८८८ साली ‘कोडॅक’ नावाची छोटी पेटी बाजारात आणली.

या पेटीत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. किंमत २५ डॉलर. शंभर चित्रे झाली की पेटीच कारखान्यात धाडावयाची. १० डॉलरांत चित्रे धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून पेटी घरी परत येई. जाहिरातीचा मथळा असा होता की बटन तेवढे तुम्ही दाबा, बाकीचे सारे आम्ही करतो. जगातील अत्यंत यशस्वी जाहिरातींपैकी ही एक गणली जाते. ती वाचली म्हणजे माझ्यासारख्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो: हे ‘आम्ही’ म्हणजे कोण?

‘आम्ही’ म्हणजे रॉचेस्टरच्या कारखान्यातील पुरुष आणि बायका. फिल्मवर उजेडाचा किरण पडला की ती वाया जाते. म्हणून थर देण्याचे काम काळोखात करावे लागे. कामगार पाळीच्या पाळी अंधारात चाचपडत, हाताच्या सवयीने यंत्रे चालवीत. थरातील जिलेटिन गुरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून बनत असे, त्यात चांदीचे क्षार मिसळीत. म्हणजे बालकाच्या हसऱ्या चित्रामागे खाटीकखाना होता, चांदीची खाण होती, आणि अंधारात उभा असलेला कामगारही होता. ईस्टमनने कामगारांना नफ्यातून वाटा दिला, ही गोष्ट खरी. १९१२ पासून तो नियमाने मिळू लागला. परंतु संघटनेला मात्र त्या कारखान्यात मूळ धरता आले नाही. देणगी मिळाली, हक्क मिळाला नाही. हा फरक कामगारांना ठाऊक असतो, इतिहासकारांनीही तो ध्यानात ठेवावा.

आपल्याकडील एक उदाहरणही येथे द्यावेसे वाटते. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चलत्चित्र घेतले. रोज थोडे थोडे चित्र घेत महिनाभर ते घरी हा प्रयोग करीत होते. पुढे चित्रपट काढताना फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. ईस्टमनच्या आईचे स्वयंपाकघर काय किंवा सरस्वतीबाईंचे घर काय, ‘बाकीचे सारे’ करणारे हात नेहमी चौकटीबाहेर राहिले.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. कोडॅक निघाला १८८८ साली. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते? सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्याची नेमाची सुटी मुळीच नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाकडे धाडला. पहिली मागणी होती आठवड्यातून एक दिवस विश्रांती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ दिले.

रॉचेस्टरची पेटी आणि महालक्ष्मीची सभा, यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. ईस्टमनला लोखंडे ठाऊक नव्हते, लोखंड्यांना ईस्टमन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु घरगुती छायाचित्र जन्माला येण्यास दोघांचीही गरज होती. सारे कुटुंब उजेडात, एकत्र, चांगल्या कपड्यांत उभे राहू शकेल असा दिवस असल्यावाचून कॅमेरा कितीही सोपा झाला तरी काय उपयोग? रविवार मिळाला म्हणून गिरणगावात लगेच कॅमेरे आले, असे मी म्हणत नाही. पोटाला पुरेशी मजुरी नव्हती, तेथे कॅमेरा कोठला? परंतु जागा तयार झाली होती. वस्तू पुढे यावयाची होती.

ती वस्तू १९०० साली आली. ईस्टमनच्या कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा मुलांसाठी कॅमेरा काढला. पुठ्ठ्याचा चौकोनी डबा, वरून नकली चामडे, पुढे एकच साधे भिंग. किंमत एक डॉलर. सहा चित्रांची फिल्म १५ सेंटांना. एक डॉलर म्हणजे तेथील कामगाराची जवळजवळ एका दिवसाची मजुरी. पहिल्या वर्षातच लाखाहून अधिक ब्राउनी खपले. कॅमेरा श्रीमंताच्या दिवाणखान्यातून मजुराच्या घरी जाण्यास अशा रीतीने साठएक वर्षे लागली.

डबा कॅमेऱ्याचे शास्त्र समजून घेतले म्हणजे आपल्या आल्बममधील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. त्याला अंतर जुळविण्याची सोय नसे. म्हणून माणसे काही पावले दूर उभी करावी लागत. उजेड भरपूर हवा. म्हणून घराच्या आत नव्हे, तर अंगणात, गच्चीवर, देवळाच्या पायऱ्यांवर चित्रे निघत. सूर्य चित्र काढणाराच्या पाठीशी हवा. म्हणून समोरची मंडळी डोळे किलकिले करून पाहात असतात. आणि याच कारणाने, सकाळी किंवा तिन्हीसांजेला काढलेल्या चित्रात खालच्या बाजूस एक लांब सावली आलेली दिसते. ती चित्र काढणाराची सावली. पुष्कळ घरांत वडिलांचे वा थोरल्या भावाचे त्या सहलीतले चित्रच नसते. त्यांची एवढी सावली तेवढी असते.

प्रवासातील छायाचित्रांसाठी एक दिवसाची सुटी पुरत नाही. पगारी रजा लागते. तिचाही इतिहास लढ्याचाच आहे. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन प्रचंड संप केले. त्यातून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी आगगाडीच्या भाड्यात ४० टक्के सवलत देववली, आणि त्या उन्हाळ्यात लाखो कामगार कुटुंबे गावाबाहेर पडली. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या त्या कुटुंबांची चित्रे मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला त्यामागे कारखान्याचे बंद फाटक दिसते. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला. मुलांना घेऊन चार दिवस गावी जावे, वाटेत एखादे देवस्थान, एखादा धबधबा पाहावा, हे पगार न बुडता शक्य झाले ते या कलमामुळे.

त्यानंतरच आपल्याकडे सामान्यांच्या घरी कॅमेरे दिसू लागले. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री पुष्कळांना आठवत असेल. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. पाठीमागच्या तांबड्या काचेतून आकडा पाहात रोल फिरवावयाचा. बारा म्हणजे बाराच! म्हणून प्रत्येक वेळी घरात मसलत होई: हा रोल दिवाळीला उरवायचा की सहलीतच संपवायचा? पुढे १९६७ पासून उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची फिल्म होऊ लागली. रोल धुवायला टाकायचा, आठवडाभर वाट पाहायची आणि पाकीट उघडताना सारे घर भोवती जमायचे, हा त्या काळचा एक सोहळाच होता.

येथवर हौसेचे गुणगान झाले. आता तिच्यातील एका उणिवेकडे लक्ष वेधतो. कामगारांच्या वस्तीत घरोघर हिंडताना मी पुष्कळ आल्बम चाळले आहेत. त्यांत लग्ने आहेत, गणपती आहेत, सहली आहेत. परंतु ज्या मागावर त्या माणसाने तीस वर्षे काढली तो माग नाही. चुलीपाशी बसलेली आई नाही, पापड लाटणारी आत्या नाही. सुटीचे चित्र निघाले, कामाचे निघाले नाही. कारखान्याच्या फाटकातून कॅमेरा आत नेणे कामगाराला सहसा शक्यच नव्हते; आणि काम हे चित्र काढण्याजोगे असते, असे आम्हांला कोणी शिकविले नाही, आम्हीही मानले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या. आज नातवंडे विचारतात, आजोबा काय काम करीत? आणि आल्बममध्ये दाखवायला महाबळेश्वर असते.

असे होण्याची जरूर नव्हती, हे जर्मनीतील कामगारांनी दाखवून दिले आहे. १९२६ साली तेथे कामगार छायाचित्रकारांची चळवळ उभी राहिली आणि ‘डेअर आर्बायटर-फोटोग्राफ’ नावाचे तिचे मासिक निघाले. सामान्य कामगार आपल्या साध्या कॅमेऱ्याने आपली खोली, आपला जिना, आपले यंत्र, आपली मोडकी चूल यांची चित्रे काढून धाडीत. १९३३ साली हिटलरचे राज्य आले आणि ती चळवळ चिरडली गेली. परंतु तिने शिकविलेला धडा मोलाचा आहे: ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याने आपल्या आयुष्याचा कोणता भाग जपून ठेवण्यालायक आहे, हे स्वतः ठरवावे, जाहिरातीला ठरवू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. १९१४ साली कोडॅकने कॅमेऱ्याच्या पाठीला एक झडप बसविली. ती उघडून टोकदार दांडीने फिल्मवरच नाव, गाव, तारीख लिहिता येई. हेन्री गाइसमन या संशोधकाला त्या युक्तीबद्दल तीन लाख डॉलर मिळाले. सोय नामी होती, पण लोकांनी ती फारशी वापरली नाही आणि १९३० नंतरच्या दशकात ती बंद झाली. चित्र काढताना सर्वांना वाटते, यात लिहायचे काय? हे तर आपले सारे ओळखीचेच! चाळीस वर्षांनी ओळखणारे माणूस जाते आणि चित्र अनाथ होते.

आज फिल्म जवळजवळ गेली. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा पहिला अंकीय कॅमेरा बनविला. एक चित्र टिपून ठेवण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्या शोधाने पुढे त्याच कंपनीचा पाया उखडला. १९८८ साली जगभर सुमारे १,४५,००० नोकर असलेल्या कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. उटकमंडचा कारखानाही बंद पडला. अंधारात राबणारे ते हात घरी बसले. ‘बाकीचे सारे’ आता खिशातला मोबाईल करतो, असे आपल्याला वाटते. परंतु तो मोबाईल जोडणारेही कोठे तरी पाळीवर उभे आहेत, हे विसरू नये.

मोबाईलमुळे बाराची मर्यादा गेली, उजेडाची अडचण गेली, खर्चाचा धाक गेला. तारीखही तो आपोआप नोंदतो. परंतु चित्रात कोण आहे, ते काय काम करीत आणि चित्र कोणी काढले, हे त्याला सांगता येत नाही. ते आपणच सांगावयाचे आहे. म्हणून माझी आपणांस विनंती आहे. येत्या रविवारी आल्बम खाली काढावा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसापाशी बसावे, आणि प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने हलक्या हाताने चार गोष्टी लिहाव्या: नाव, गाव, साल आणि काम. जमल्यास त्या दिवशी एक नवे चित्रही काढावे, नटूनथटून उभ्या राहिलेल्यांचे नव्हे तर काम करणाऱ्या हातांचे. त्यासाठी लागणारा रविवार आपल्या पूर्वजांनी मिळवून ठेवलेलाच आहे.